गुणाचा पाय

येरमाळ्याला देवीचं दर्शन करून मी स्टँडवर धाराशिवच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“आगं कडू, डाव्या पायात निस्त्या फुलबाज्या उडायल्यात.”

“सारी उमर तेरखेड्यात फटाके वळले तुमी. थोडी दारू पायात राहिली आसंल.”

“बारा वर्सं शुगर हाय, पर असलं कवा झालं नव्हतं. डॉक्टरलाबी आजून दाखवलं न्हाय, आन् तुला मस्करी सुचायली.”

“रडून फुलबाज्या इझत असतील तर रडते की.”

“उजव्याचं बरं हाय. कसली कुरकुर न्हाय त्याची. लई गुणाचा पाय.”

“व्हय, लई गुणाचा. देवळातनं येताना कुणा बाईची चप्पल घालून आलाय.”

“कुठं? आरं तिच्या, लाल पट्ट्याची हाय की.”

“दोन बोटं बाहेर लोंबायलीत. एवढी आवळती, तरी कळलं न्हाय?”

“न्हाय गं.”

“बरं, तुमी तिकडं गाडी येती का बघा. म्या ह्या आंगठ्याला चिमटा काढते.”

“काढ. पर हळू काढ.”

“काढलाय कवाचा.”