पावसात न भिजलेली बाटली

नाही, तुम्हीच सांगा, पाऊस मोजायची बाटली पावसात भिजेल म्हणून कुणी घरात आणतं का? आमच्या भामाआत्याने आणली! एकदा नाही, अख्खा ऑक्टोबर! गच्चीवर तिची सुकट वाळत घातलेली. दुपारी आभाळ भरून आलं की सुकट उचलणार, जाताजाता माझी बाटलीही उचलणार, आणि पाऊस थांबला की पुसूनबिसून परत जागेवर! विचारलं तर म्हणते, ‘‘भिजली असती ना गो बाय!’’

तुम्ही म्हणाल, बाटलीचं एवढं काय... अहो, तुम्हाला सांगते, एक प्रोग्राम आहे, रडारवर ढग कसे सरकतायत ते बघून पुढच्या दोन तासांत पाऊस कुठे पडेल ते सांगतो. जगभरातली माणसं मिळून तो फुकट लिहितात. आपण दुरुस्ती पाठवायची, बाकीच्यांनी ती फाडून खायची, आणि चुकून काही उरलंच तर आत घ्यायची, आपल्या नावासकट! मी पाठवतेय, पाठवतेय, आणि फिनलंडचा तो मिक्का गोड बोलून परत करतोय, ‘‘छान आहे कीर्ती, पण पुरावा?’’ पुराव्यासाठीच तर बाटली ठेवली ना!

आणि पुरावा काय? रडार म्हणतंय पनवेलवर धो धो, मी वाशीच्या ऑफिसातून येऊन बघते तर बाटली ठणठणीत कोरडी! बाबांना विचारावं, तर ‘‘पडले की चार थेंब!’’ आमच्या बाबांना खाडी घरात शिरली तरी चार थेंबच!

मग मी लिहिलं, की आमच्याकडे रडारला दिसणारा पाऊस जमिनीवर पोचतच नाही, वाटेत हवेतच विरतो. मिक्का खूश! ब्राझीलची एक बाई म्हणाली, ‘‘खाडीवरची गरम हवा!’’ सगळ्यांनी मिळून डोकं लावलं, आणि घेतली हो माझी दुरुस्ती! पनवेलवर ढग आला की पाऊस कमी दाखवायचा. खाली माझं नाव! मी पेढे वाटले, पहिला आत्याला!

परवा सुट्टी होती. प्रोग्राम म्हणाला, कोरडं. मी ऐटीत ओरडले, ‘‘आत्या, राहू दे सुकट, पाऊस नाहीये!’’ बिचारी बसली माझ्या शब्दावर... आणि असा कोसळला! आत्या धावली, मी मागून धावले, आणि बघते तर ही बाई वर्षभराची सुकट सोडून माझी बाटली पदराखाली घेऊन उभी! ‘‘आत्या, ती कशाला?’’

‘‘तुजी हाय ना! भिजली असती ना गो!’’

म्हणजे अख्खा ऑक्टोबर हेच चाललं होतं! आता हिच्यावर चिडायचं तरी कसं? सुकट गेली सगळी, वासाने घरात बसवेना. दुरुस्ती काढून टाका, मीच लिहिलं. कारण द्यावं लागतं, दिलं, खरं ते. मिक्काने काढली. माझं नावही गेलं. आणि काढण्याचं कारण म्हणून तिथे, जगात कुणालाही वाचता येईल असं, राहिलंय काय? ‘पनवेलच्या भामाआत्यांनी बाटली घरात नेली.’

आत्या आळीभर सांगत सुटलीय, ‘‘फिनलंडला माजं नाव हाय, कीर्तीचं नाय!’’

बरोबरच आहे तिचं.