एकवीस गुण बाकी

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय अनंतराव, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते चित्रपट अभिनेते श्री. तरुण, मंडळाचे चारही खेळाडू आणि अड्यारच्या या बॅडमिंटन हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या तरी कुरकुर न करता उभे राहिलेले बंधू-भगिनी, सर्वांना विद्यालक्ष्मीचा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. मंडळाचे हिशेब ठेवते म्हणून मला आभाराचे काम दिले. भाषण कालच जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिले होते. पहिले वाक्य होते, ‘दीड लाखांचा निधी जमला, ही श्रीरामाची कृपा.’ ते आता वाचता येत नाही. जमले आहेत पंचेचाळीस हजार.

श्रीरामाने काही कमी केले नाही. कमी आपण केले.

सकाळी श्री. तरुण इथेच उभे राहून काय म्हणाले? “मी जितके गुण हरेन, तितक्या वेळा माझ्या खिशातून पाच हजार. म्हणून मला हरवा!” टाळ्या सर्वांनी वाजवल्या. मग ऐकले कोणी?

अनंतराव, आपण वडीलधारे आहात, रागावू नका. पण टाळ्या थांबल्यावर आपण चौघांना बाजूला घेऊन म्हणालात, “पाहुणा आहे रे. घरी बोलावून हरवून पाठवायचे का? बरे दिसते का ते?” मी हार घेऊन मागेच उभी होते. आपल्या घरांत पहिल्या दिवाळीला जावयाला पत्त्यांत जिंकू देतात, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे पैज पुरणपोळीची असते.

मुरली, तू तीन वर्षे मंडळाची ढाल घरी नेतोस. गेल्या रविवारी माझ्या साठीतल्या यजमानांनासुद्धा एक गुण सोडला नाहीस. आज तुझे प्रत्येक शटल जाळीत? “मामी, हात कापत होता,” म्हणालास. अय्यो, चौघांचाही हात एकदमच कापला?

चार डावांत पाहुणे नऊ गुण हरले. तेही आपण मिळवलेले नाहीत. त्यांनीच शटल बाहेर मारले. शाल देताना ते हळूच म्हणाले, “मामी, मी हरायला आलो होतो. नऊच?” मला मान वर करवेना.

हे पैसे कशासाठी होते, ते पुन्हा सांगते, कारण सकाळपासून कोणी विचारलेले नाही. वेलचेरीत आपले केंद्र आहे. तिथे न चालता येणारी अकरा मुले येतात. कनका त्यांना शिकवते. मागच्या कार्तिकातल्या पावसात गुडघाभर पाणी आत आले, तेव्हा तिने एकेका मुलाला उचलून जिन्याने वर नेले. अकरा खेपा. शेवटच्या खेपेला पाणी तिच्या कमरेला लागले होते. खोलीची जमीन तीन फूट उचलायला गवंडी दीड लाख मागतो, आणि पावसाला सहा आठवडे उरलेत. पंचेचाळीस हजारांत किती मुले कोरडी राहतील, अध्यक्ष महोदय? मला हा हिशेब जमत नाही.

दुसरा मात्र जमतो. उरले एक लाख पाच हजार. म्हणजे एकवीस गुण. म्हणजे जिंकलेला एक डाव.

कनका शाळेत असताना तंजावर जिल्ह्याकडून खेळत होती. आजच्या यादीत तिचे नाव मीच सुचवले होते. “मदत घेणाऱ्यांनीच खेळायचे? बरे दिसत नाही,” असे ठरले आणि तिला फिल्टर कापी वाटायला उभे केले. त्यामुळे एक बरे झाले. पाहुण्यांपुढे हरायचे, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

श्री. तरुण, आपली गाडी आठला निघते. आता पावणेसात. जाळी अजून काढलेली नाही. मघाशी मी ‘एक डाव’ म्हणाले तेव्हा आपण मान हलवलीत, तो मी होकार धरते.

हॉल फुकट देणाऱ्यांचे, हार गुंफणाऱ्या भगिनींचे आणि पाहुण्यांचे मनापासून आभार. वयाने व मानाने मोठ्यांपुढे जीभ सैल सुटली, ते पोटात घालावे. पुढच्या डावात मात्र कोणी कोणाला काही सोडू नये.

कनका, तो कापीचा ट्रे इकडे दे.