दुसरा नंबर निकानोरचा

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्यातल्या निम्म्यांचे कान पिळून झालेल्या माजी मुख्याध्यापिका ओदालिसबाई; शेजारच्या कारखान्याच्या संघाचे गुरू आणि आपले जुने वैरी, प्रमुख पाहुणे चागोकाका; व्यासपीठावर मान खाली घालून बसलेले सत्कारमूर्ती निकानोर फ्रियास; त्यांच्या पत्नी फेर्मिनावहिनी; आणि बाहेर शिजणाऱ्या सांकोचो रश्श्याच्या वासाने अस्वस्थ झालेल्या माझ्या गावकऱ्यांनो. बाई, मला पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागतील. घंटी वाजवू नका, ही विनंती.

निकानोर परवा मुलीकडे राजधानीत राहायला जातोय. बावीस वर्षं त्याने आपल्या साखर कारखान्याच्या बेसबॉल संघात, मैदानात उभं राहून दुसरा बेस सांभाळला आणि त्यातली सतरा वर्षं या लेओकादिओ मार्तेने, म्हणजे मी, संघाचा फलंदाजीचा क्रम ठरवला. तुम्ही म्हणाल, त्यात ठरवायचं काय? नऊ माणसं, नऊ नंबर, नवव्यानंतर पुन्हा पहिला. पण ज्याने ठरवलाय त्यालाच ठाऊक. सामन्याच्या आदल्या दिवशी मी घरी डॉमिनोच्या नऊ सोंगट्या टेबलावर मांडत असे. पहिला असा हवा, जो काहीही करून बेसवर पोचेल. चौथ्याचं मनगट जाड हवं. आणि आठवा? खरं सांगू? आठवा म्हणजे उरलेला. आपण जेवणाच्या टेबलावर बायकोच्या चुलतभावाला बसवतो ना, कोपऱ्यात, तसा.

निकानोर अकरा वर्षं त्या कोपऱ्यात होता. फटका मोठा नव्हता त्याचा. पण वाईट चेंडूला त्याने कधी बॅट लावली नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा घाम निघायचा, चार चेंडू वाईट पडले की बेस फुकट, आणि हा पहिल्या बेसकडे चालत जायचा, बाजारातून आल्यासारखा. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. संघात सगळ्यात जास्त वेळा बेसवर पोचणारा माणूस निकानोर होता. त्याची जागा दुसरी होती. हे मला कळलं होतं. पाच वर्षं बोललो नाही, कारण दुसरा नंबर हा मानाचा आणि त्यावर मोठ्या घरच्या लोकांचा डोळा असायचा.

आता अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार. गाळप संपलं होतं, कारखान्यांच्या संघांचा अंतिम सामना आपल्या मैदानावर होता. समोर चागोकाकांचा संघ. त्या सकाळी मी धीर केला. यादी लिहिली, दुसरा निकानोर, आठवा रामिरो, आणि खेळाडूंच्या बाकड्यावरच्या खिळ्याला टांगली. रामिरो म्हणजे कारखान्याचे तेव्हाचे व्यवस्थापक ओक्तावियोसाहेब यांचा भाचा. आपल्या बॅटा, चेंडू, गणवेश, सगळं साहेबांकडून यायचं. माझी वजनकाट्यावरची नोकरीही.

म्हणून मी दुसरीही एक यादी लिहून खिशात ठेवली होती. तिच्यात दुसरा रामिरो होता आणि आठवा निकानोर. का लिहिली? असू दे म्हणून. भित्रा माणूस घरातून निघताना दोन छत्र्या घेतो, तशी.

यादी टांगल्यावर निकानोर तिच्यापुढे किती वेळ उभा होता, सांगतो. मी बुटांच्या नाड्या बांधून सोडून पुन्हा बांधल्या तेवढा वेळ. मग म्हणाला, "कोंपाद्रे, कुणाला तरी घरी पाठव. फेर्मिना तिसऱ्या डावाशिवाय येत नाही. भात उतरवून निघते, तोवर माझा नंबर लागलेला नसतो. आज लवकर ये म्हणावं." त्याच्या थोरल्या मुलीचा मी धर्मपिता. आम्ही कोंपाद्रे. आपल्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मग मी पंचाला यादी द्यायला गेलो. तिथे ओक्तावियोसाहेब उभे होते, पहिला चेंडू त्यांच्या हस्ते होता. हळूच म्हणाले, "लेओकादिओ, आपला रामिरो दुसरा आहे ना? ताई मुद्दाम आली आहे बघायला."

साहेब आज हयात नाहीत, म्हणून त्यांच्या माथी काही मारणार नाही. त्यांनी हुकूम केला नव्हता, साधा प्रश्न विचारला होता. "नाही साहेब, आठवा आहे," म्हणालो असतो तर कदाचित हसले असते. मी म्हणालो, "म्हणजे काय साहेब, दुसराच." आणि खिशातली यादी पंचाला दिली.

सभागृहातून कोण बोललं? रामिरो? बोल, बोल. ऐकलंत? तो म्हणतोय, "काका, मला दुसरा नंबर नकोच होता हो. त्या पिचरचा चेंडू मला दिसतच नव्हता." घ्या.

परत आलो तेव्हा खिळ्यावरची यादी बदलायला हवी होती. तेवढ्यात फेर्मिनावहिनी आल्या, ओले हात झग्याला पुसत, पहिल्या डावाच्या आधी, जन्मात पहिल्यांदा. निकानोरने त्यांना बोटाने यादी दाखवली. त्यानंतर माझ्याने ती यादी काढवली नाही. मनात म्हटलं, साहेबांना मागाहून काहीतरी सांगू, बाकी बघतंय कोण? पंचाच्या लक्षात आलं तरी त्याने बोलायचं नाही, नियमच आहे. हरकत घ्यायची ती समोरच्या संघाने, तीही पुढच्या फलंदाजाला पहिला चेंडू पडायच्या आत. आणि चागोकाकांना यादीची प्रत मिळाली तरी चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत.

काका हसतायत. म्हणतायत, "चष्मा त्या दिवशी बायकोने खिशात कोंबला होता रे." पहिल्या डावातच ओळखलं होतं त्यांनी. निकानोर तेव्हा बाद झाला म्हणून गप्प बसले. पुढेही गप्प. शेवटच्या डावात दोघे बाद, दोघे बेसवर, आम्ही एका धावेने मागे, आणि निकानोर आला. दोन वाईट चेंडू सोडले. तिसरा त्याने उजव्या कुंपणापर्यंत मारला. दोन्ही धावा पूर्ण झाल्या. लोक मैदानात घुसले, वहिनींना तर उचललंच. आणि चागोकाका सावकाश उठून, आपल्याकडची ती प्रत हातात घेऊन, पंचाकडे चालत गेले.

नियम नियम आहे. दुसरा नंबर रामिरोचा. फटका रद्द, धावा रद्द, आणि डाव संपवणारा तिसरा बाद कोण, तर ज्याने बॅटला हातही लावला नव्हता तो रामिरो. सामना गेला.

साहेबांनी विचारलं, "खिळ्यावरची यादी कोणी लिहिली?" मी खाली वाकून बॅटा गोळा करायला लागलो. निकानोरने माझ्याकडे पाहिलं. खिळ्यावरची यादी ओढली, चुरगाळून खिशात घातली आणि म्हणाला, "मी. यांची काढून माझी लावली. दुसऱ्या नंबरची हौस होती."

घरी जाताना मला म्हणाला, "हात चुकतो माणसाचा, घाईत भलताच कागद दिला जातो. तुझी नोकरी साहेबांच्या हातात आहे, माझं सायकलींचं दुकान त्यांच्या हातात नाही." मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, "हो, हात चुकला." माझा हात चुकला नव्हता, निकानोर. कोणता कागद देतोय ते मला माहीत होतं.

त्यानंतर अकरा वर्षं. पावाच्या दुकानात हा रांगेत उभा राहिला की कुणीतरी म्हणायचंच, "निकानोर, तुझा नंबर आठवा ना? मग मागे हो." आणि हा हसून मागे व्हायचा. मी त्या रांगेत असायचो. दोनदा माझ्या जागी संघाला नवा माणूस निवडायची गोष्ट निघाली, दोन्ही वेळा त्याचं नाव निघालं आणि कुणीतरी म्हणालं, ज्याने यादीत लबाडी केली त्याच्या हातात यादी द्यायची? मी त्या बैठकीतही होतो. फेर्मिनावहिनी त्या दिवसापासून मैदानावर आल्या नाहीत. मला मात्र दर नाताळला केळीच्या पानातले पास्तेलेस पाठवत राहिल्या, आणि मी ते खात राहिलो. मला लाज वाटते. इतकी वर्षं वाटत होती, पण माणूस लाज घेऊनही जेवतो, झोपतो, याद्या लिहितो.

आता थोड्या वेळाने मानपत्राचं वाचन होईल. त्यात एक ओळ आहे, "एक चूक वगळता निष्कलंक कारकीर्द". समितीने सुचवली, पण अक्षर माझं आहे. ओदालिसबाई, आयुष्यभर तुम्ही आमच्या वह्यांवर लाल रेघा मारल्यात. या ओळीवर एक मारा.

ही कार्यक्रमपत्रिका बघा. आठ नंबर आहेत. दुसरा, लेओकादिओ मार्ते यांचे भाषण. आठवा, सत्कारमूर्तींचे मनोगत. पत्रिकाही मीच केली. सवय जात नाही.

तर आता आभार. बाईंचे, चागोकाकांचे, सगळ्यांचे, ऐकून घेतल्याबद्दल. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते सोडून द्या. जे केलं ते मात्र सोडून देऊ नका, त्याची माफी मी दोनच माणसांकडे मागतो आणि त्यांनी ती आजच द्यावी असं नाही. माझं हे भाषण झालंच नाही असं धरा. पंचाने तो फटका पुसला, तसं हेही पुसून टाका. दुसऱ्या नंबरवर निकानोर बोलेल.

कुणाची हरकत असेल तर आत्ता हात वर करा. त्याने पहिला शब्द उच्चारला की हरकत घेता येत नाही, क्रम कायम होतो. नियम तुम्हाला माहीत आहे. चागोकाका, तुम्ही? नाही?

ये, निकानोर. वहिनी आज सुरुवातीपासून येऊन बसल्या आहेत.