दोन हापुसांच्या वजनाचं रिव्हॉल्वर

पैज मी लावली, होय — पण घेतली कोणी, ते पण लिवा ना, हवालदारकाका! एवढा साठीचा माणूस न् मी दहावीला दोनदा आपटलेला पोरगा. मी बोललो, "भास्करकाका, तुमच्या त्या रिव्हॉल्वरनं आंब्याच्या कलमावरचं एक वानर हलवून दाखवा, मी मिशी काढून देईन" — मला मिशी हाय काय? नाय! — तरी काका बोलले, "ये उद्या सकाळी, वाडीला पण घेऊन ये." गेलो घेऊन. मोठ्या माणसांचं ऐकायला नको काय?

तुम्ही बघितलंय ना ते? केवढंसं! तळहातावर दोन हापूस ठेवा, तेवढंच वजन. अख्ख्या पावस गावात वानरांना ठासणीची बंदूक चालते, पण काकांचे मेव्हणे पडले मुंबईचे, त्यांच्याकडनं हे आलं — हलक्या धातूचं, न् वर मजा म्हणजे हाय रिव्हॉल्वर, पण गोळ्या लागतात पिस्तुलाच्या. लेंगा एकाचा, नाडी दुसऱ्याची! त्या गोळीला बुडाशी कडा नसते, नुसती टाकली तर भोकातनं आत घसरते, घोडा पोचतच नाय तिच्यापर्यंत. म्हणून एक पोलादी चकती लागते, फुलासारखी कातरलेली — तिच्यात गोळ्या अडकवायच्या न् चकतीसकट आत बसवायच्या. तशी एकच हाय काकांकडं. ती नसली की रिव्हॉल्वर म्हणजे नुसता दागिना. मला कसं माहीत? अहो, काका पडवीत पेपर पसरून तेल लावत बसतात न् येईल त्याला शिकवतात — पोस्टमनला पण येतं आता! शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी आज कॉलेजात असतो.

बरं, तर रविवारी सगळी वाडी बागेच्या दगडी गडग्यावर बसलेली. काका आले, डोक्यावर टोपी, चकतीची डबी उघडली — चकती नाय. शहाणा माणूस काय करील? घरात जाईल. पण समोर एवढी माणसं! टाकल्या तशाच गोळ्या आत न् केला हात वर. टिच्. परत टिच्. वर वानर हापूस सोलून खातंय, मधेच खाली बघतंय — काका परत टिच् — त्यानं टाकला बाठा, तो बरोब्बर काकांच्या टोपीवर. नेम बघा! लायसन त्याला द्यायला पाहिजे होतं. हसलात ना? मी बघितलं, हसलात! आणि मला सांगा, हवेत बार काढणं गुन्हा ना? मग ज्यानं चकती नेली त्यानं तर गुन्हा वाचवला. नारळ द्या त्याला, शाल घाला — ज्यानं म्हणजे — कोणी का असेना तो.

पण बाबूदादाला कशाला बसवलंय आत? सकाळपासून कडी लावून? काका बोलले, गड्यानंच चोरली — टोपीवर बाठा पडला ना चार लोकांत, कोणावर तरी राग निघायलाच पाहिजे! बाबूदादा चकती घेऊन काय करील वो? त्याच्याकडं कोयती हाय, ती बिनचकतीची चालते. केस झाली तर कोण घेईल त्याला बागेत? शुक्रवारी त्याच्या लेकीला, सखूला बघायला माणसं येणार हायत, ती आल्या पावली परत जातील. आणि तुम्ही शोधलंत तरी कुठं? त्याच्या खोपटात. तांदूळ ओतलेत, गोधड्या उसवल्यात, गवताची उडवी विस्कटलीत, पण काकांच्या स्वयंपाकघरात पाय नाय ठेवलात. पद्मजाकाकींच्या सोऱ्याच्या डब्यात बघितलंत? शेवेची चकती, चकलीची चकती, पापडीची चकती — त्यात एखादी फुलाची चकती जास्त हाय काय ते —

काय झालं? असे काय बघताय?

नाय, मी आपलं उदाहरण दिलं. म्हणजे समजा, शनिवारी काका तेल लावत होते, मुंबईचा फोन आला, ते आत गेले, न् पेपरवर ती पडलेली. खिशात घातली तर चोरी होते ना? म्हणून घरातच ठेवली. घरातली वस्तू घरातच! वाटलं, काकी शेव पाडायला बसतील, त्यांच्या हाताला लागेल, काका दोन शिव्या घालतील, संपलं —

बाबूदादा तेव्हा सरबताचा पेला घेऊन दारात उभा होता. बघितलं त्यानं मला. सगळं बघितलं. तुम्ही सकाळपासून विचारताय त्याला, कोणाचं नाव असेल तर सांग — सांगितलं त्यानं? एकदा तरी?

लिवा. विनीत. मी ठेवली. दुसऱ्या कोणाचा हात नाय त्यात. काकांना बोलवा, माझ्या बापाला बोलवा, कानफटात मारायची तर मारा — पण आधी ती कडी काढा.

ऊठ, बाबूदादा. घरी जा, सखू वाट बघते. — जा ना! माझ्याकडं बघू नको.