हमिंगबर्डचा ताईत

नेलिदा : मेलाय तो, आज्जी. हात लावून बघ. गुहेच्या कपारीला नख्यांनी धरून होता, दगडासारखा गार.

सातुर्निना : मग माझ्याकडे कशाला आणलास? पुरून टाक.

नेलिदा : पुरू कशी? मेलेला हमिंगबर्ड लाल दोऱ्यात गुंडाळून कमरेला बांधला की गेलेला माणूस परत येतो. तूच सांगायचीस.

सातुर्निना : कोण गेलंय?

नेलिदा : माहीत असून विचारतेस. विल्बर कार्निव्हल झाल्यावर खाली जंगलात सोनं गाळायला गेला, तो गेलाच. साधा निरोप नाही.

सातुर्निना : मीही बांधला होता एक. तुझ्या आजोबांसाठी.

नेलिदा : मग? आले ना?

सातुर्निना : आले. पुढे जन्मभर चुलीपासून हलले नाहीत. शेतावरसुद्धा नाही.

नेलिदा : थट्टा नको. मला बांधून दे.

सातुर्निना : देते. आधी शालीत घे, छातीशी धर आणि उन्हात बस. तोवर मी हे बटाटे तुडवते. रात्री छान गोठलेत. पाणी निघून वाळले की चुन्यो तयार, मग वर्षानुवर्षं खराब व्हायची भीती नाही.

नेलिदा : छातीशी कशाला?

सातुर्निना : रीत आहे.

(सातुर्निना पायांनी बटाटे तुडवते. ऊन वर चढतं.)

नेलिदा : आज्जी, हा थरथरतोय.

सातुर्निना : थरथरणारच. इथे रात्री पाणी गोठतं, एवढ्याशा जिवाला चूल कुठली? अंगातली ऊब सोडून देतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. या बटाट्यांसारखाच म्हण. फक्त तो सकाळी परत पाखरू होतो. चुन्योचा परत बटाटा झालेला मी तरी पाहिला नाही.

नेलिदा : म्हणजे तुला ठाऊक होतं.

सातुर्निना : तू म्हणालीस मेलाय. तुम्हा पोरींपुढे मी काय बोलणार?

नेलिदा : आणि ताईत?

सातुर्निना : त्याला मेलेलाच लागतो. पिरगाळ मान. दोरा आहे माझ्याकडे.

नेलिदा : डोळे उघडलेत गं त्याने.

सातुर्निना : मग लवकर कर. पुरता जागा झाला की जमायचं नाही.

नेलिदा : ...गेला. निसटला हातातून.

सातुर्निना : मूठ उघडलेली दिसली मला.

नेलिदा : विल्बरचंही असंच असेल का? आत्ता गप्प पडलाय, आणि मग एखाद्या सकाळी...

सातुर्निना : कसं सांगू, बाई? हे पाखरू थंडी इथेच काढतं. तुझा विल्बर दर कार्निव्हलला येतो आणि हिम पडायच्या आत खाली उतरतो. थंडीत मी त्याला कधी पाहिलेलंच नाही.