राखणीचं कुत्रं

मोठी कुत्री माणसाच्या अंगावर जातात का, म्हणून वाद घालताय, तर माझं ऐका. नांदूरघाटला मळ्यावर मी रॉटवायलर जातीचं कुत्रं पाळलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणले, "लई ताकदीचं हाय. माणसात वाढवा, बांधून ठेवू नका."

मी म्हणलं, "राखणीला आणलंय, लाडाला न्हाई."

दोन वर्षं साखळीलाच ठेवलं. कुणी आलं की मीच कुत्र्याला छू म्हणून अंगावर घालायचो.

ईदच्या दिवशी सलीम, माझा शाळेपासूनचा दोस्त, शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. कुत्र्यानं हिसडा मारला अन् साखळी तुटली. आमी सोडवेपर्यंत त्यानं सलीमचा उजवा हात फाडला होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात महिना गेला. हात वाचला, पण बोटं मिटत न्हाईत. अन् त्याचा धंदा मोटार वाइंडिंगचा, जळलेल्या मोटारीत बारीक तार भरायचा.

दवाखान्यात मी म्हणलं, "मारूनच टाकतो त्याला."

सलीम म्हणला, "त्याला कावून मारतो? त्याला हे शिकवलं कुणी?"

परवा माझ्या विहिरीवरची मोटार जळली. गाडीवर टाकून केजला निघालो, तर सलीम त्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला.

"कुणाकडं नेतो बे?" त्यानं विचारलं.

मी गाडी पुढं काढली.