रुपालीचं नाक अन् सुधारलेला डबा

…आता तुम्हीच सांगा, ज्याले गानं वाजवाचं हाय त्याले तोंड नको काय? बरं, तोंड नाही तं नाही, बटन तरी? तेबी नाही! निस्ता काचेचा चपटा तुकडा, चुन्याच्या डबीएवढा, अन् त्याच्यातून निंघते काय, तं दोन काळ्या वायरी, कानात खुपसाले. म्हंजे गानं मी ऐकाचं अन् बाजूच्या बाईनं माह्या तोंडाकडे पाहाचं. अन् म्हणते, हा सुधारलेला!

बसा, बसा, सरका थोडं. तुम्हाले मारेगावची एसटी पायजे न? ते कधी टायमावर आली हाय? घाटंजीच्या स्टँडवर घाई करून कोनाचं भलं झालं नाही. तं तुम्हाले सांगतो, माहा जुना गान्याचा डबा. लाल होता. मेमरी कार्डावर वाजे. मागचं झाकन पहिल्याच साली निंघालं, तं सायकलच्या ट्यूबचं रबर कापून त्याले कंबरपट्टा बांधला. आवाज लहानमोठा कराचं बटन तुटलं, तिथं निंबाची काडी खोसली. काडी इकडे फिरवली का मोठा, तिकडे फिरवली का बारीक, काडी वाळली का नवी काडी. याच्याहून सोपं मॉडेल कोनती कंपनी काढन? एकदा तं वावराच्या मालकाच्या, पुंडलिकरावच्या बैलानं त्याच्यावर पाय देला, तरी वाजला. आवाज थोडा बसला, पन आवाज तं माहाबी बसला हाय, मले कोनी बदलून आनलं काय?

मी इंदूबाई, कापूस वेचनारी. एकटी नाही, टोळी हाय माही, अन् पुंडलिकरावच्या वावरात दर साली वेचनीले आमचीच टोळी. माहा डबा बदलला त्या सालात कापसाचा भाव असा बसला होता का उठाचं नाव नाही घे. पुंडलिकराव दिसले का वाटे, हा मानूस आत्ताच काट्यावरून उतरला अन् वजनात कमी भरला. पन भाव नाही म्हनून बोंड फुटाचं थांबते काय? ते फुटतेच. मंग वेचाले बाया लागते, अन् बाया कुठं जाते? जिकडे वाजते तिकडे जाते! माह्या टोळीत बाया माह्या तोंडाकडे पाहून येत नव्हत्या, माह्या डब्याकडे पाहून येत होत्या. हे मले पक्कं ठाऊक होतं. डबा गेला का टोळी गेली, अन् टोळी गेली का इंदूबाई कोन? कोनीच नाही. लोकाच्या टोळीत शेवटच्या पातीवर, कापसाच्या शेवटच्या ओळीत उभी राहनारी एक म्हातारी.

अन् माहा डबा निस्ता वाजे नाही, टाइमबी सांगे! घड्याय घालून कोनी वेचते काय? पट्ट्यात बोंडाचे काटे अडकते. डब्यातले गाने ठरलेले, एकामागं एक, रोज तेच. सकायी पात धरली का पहिले बाबासाहेबाचं गानं, ते उभ्यानं ऐकाचं, मंग वाकाचं. नणंद-भावजईच्या भांडनाचं लागलं का चहा. हळदीचे गाने लागले का भाकर सोडाची. कव्वाली आली म्हंजे ऊन कललं. अन् सगळ्याच्या शेवटी, नवरी सासरी निंघते न, ते गानं. ते लागलं का बायांचे डोये भरे, कापसानं भरलेल्या ओट्या रिकाम्या होये, गाठोडे बांधाले लागे. पुंडलिकरावनं तं त्या गान्यावरच काटा टांगाची सवय लावून घेतली होती.

मंग आली दिवाळी, अन् आला माहा पोरगा, संघदीप. यवतमाळले ऑटो चालवते. मायेवर लय जीव त्याचा. मले न सांगता खुंटीवरचा डबा काढला, इथं घाटंजीले शहजादच्या मोबाइलच्या दुकानात देला, अन् बदल्यात हा काचेचा तुकडा आनला. म्हने, "आई, त्याच कंपनीचा हाय, फकस्त पुढचं मॉडेल. तुहे सारे गाने याच्यात ओळीनं भरून आनले. जुन्यात होतं काय? याच्यात पाह्य, चित्र दिसते." अरे, मले वावरात चित्र कायले? चित्र पाहू का कापूस वेचू? पन पोराचं तोंड असं फुललं होतं का माहा सगळा राग गिळल्या गेला. म्हटलं, लय मस्त हाय रे बाप्पा. तुम्ही काय म्हनले असते?

तं सीतादहीचा दिवस. आमच्याकडे पहिल्या वेचनीले वावरात दहीभात ठेवते, पूजा करते, मंग पात धरते. पुंडलिकरावनं पूजा केली, मी ऐटीत नवा डबा काढला, सगळ्या बाया गोल उभ्या. मी बोट लावलं. काहीच नाही. घासून लावलं. काहीच नाही! संघदीपनं सांगितलं होतं, दाबाचं नाही, निस्तं टेकवाचं. टेकवलं न! एक-एक करून सगळ्या टोळीनं टेकवलं. आता वेचनाऱ्या बाईचं बोट म्हंजे काय, बोंडाच्या काट्यानं फाटलेलं, वाळलेलं, चिरा पडलेलं. त्या यंत्राले वाटलं असन, कोनी तुराटी टेकवून राह्यलं. ओळखतच नाही! गाडीवाल्या साहेबाचं बोट ओळखते, वेचनारीचं नाही ओळखत. अन् म्हणते हा सुधारलेला!

मंग माह्या बहिनीची सून, रुपाली. तिच्या दोन्ही हातात दहीभाताचे द्रोन. तशीच वाकली अन् नाकाचा शेंडा टेकवला. चालू! आता नाकानं कोनी बोंडं तोडते काय? नाक मऊच राहते. त्या दिवसापासून आमच्या वावरात एकच आवाज, "रुपाली, नाक आन वं!" तिकडून ते ओटी सावरत येनार, नाक लावनार, परत पातीवर जानार. पुंडलिकरावनं दोन-तीनदा पाह्यलं, मंग मले बाजूले घेऊन हळूच विचारलं का या पोरीले डोयानं कमी दिसते काय.

बरं, चालू झाला. पन ऐकाचं कसं? वायर दोन, बाया टोळीभर. मी न्याय केला, दोघी-दोघीनं एकेक कानात घालाची, पाळी पाळीनं. पहिली पाळी माही अन् रुपालीची. आता वायर एवढूशी, अन् पाती दोन. रुपाली वेचाले लागली का वाऱ्यावानी जाते, अन् माहे गुडघे तं तुम्ही पाह्यलेच स्टँडची पायरी चढतानी. ते पुढं सरकली का माहा कान ओढे, मी थांबली का तिची मान वाकडी होये! जुवाले एका बाजूनं गोऱ्हा अन् एका बाजूनं म्हातारा बैल जुपल्यासारखं. अन् ज्यायची पाळी नाही त्या फुगून बसल्या. गानं आमच्या कानात, अन् सारं वावर चूप. पहिल्यांदा मले त्या वावरात वारा ऐकू आला, अन् मनात लय भेव वाटलं.

अन् धुऱ्याच्या, वावराच्या बांधाच्या पलीकडे कोन? ममता! ममताची टोळी. तिच्यापाशी रेडिओ. त्या रेडिओवर दर घडीले कापसाचेच भाव सांगे, कमी झाला, आनखी कमी झाला. ते ऐकून कोन वेचन? पन वाजे तं खरा! माह्या बायांच्या पाती हळूहळू धुऱ्याकडे वाकड्या होऊ लागल्या. ममतानं तिकडूनच निरोप धाडला का इंदूबाईले म्हना, आता आराम करा, बाया मी सांभाळतो.

मी संघदीपले फोन केला. पोरगा आला, जोडाचा लहान स्पीकर घेऊन. लावला. काय सांगू, सारं वावर गाजलं! बाया नाचाच्याच बाकी होत्या. म्हटलं, जितली इंदूबाई. अन् दुसऱ्या दिवशी… रुपालीनं नाक टेकवलं. तिले त्या दिवशी पडसं होतं. नाक जरा जास्त वेळ टेकलं, का घसरलं, का शिंक आली, काय झालं देव जाने. डब्यातले सारे अक्षर चिनी झाले! अन् गाने मिसळले. कोनतं कधी वाजन याचा भरवसाच नाही. संघदीप तं रात्रीच्या गाडीनं यवतमाळले गेलता.

आता आमाले काय ठाऊक? आम्ही सवयीचे मानसं. पात धरली न धरली तं लागले हळदीचे गाने. साऱ्या बाया धुऱ्यावर, भाकरी सोडल्या, जेवल्या. अजून दव वाळलं नव्हतं! पोटात भूक नाही, पन गानं म्हनते जेवा, तं जेवल्या. उठून पानी प्याल्या तं लागलं बाबासाहेबाचं, साऱ्या हात धुवून उभ्या. मंग अर्ध्या पातीतच नवरी सासरी निंघाली. बायांचे डोये भरले, ओट्या खाली केल्या, गाठोडे बांधले अन् रडत रडत काट्यावर! तिथं पुंडलिकराव, तेबी सवयीचेच. गानं ऐकून काटा टांगून बसले होते. वजन केलं, गाठोडे पाह्यले, वर सूर्य पाह्यला अन् मले म्हनाले, "इंदूबाई, आज दिवस लहान हाय काय?"

अन् त्याच वक्ताले यवतमाळकडून एक गाडी आली. त्या सालात येतच होत्या गाड्या, लोक उतरत, कापसाचं पाहत, लिहून घेत. एक मॅडम उतरली, माह्यापाशी बसली, लय मायेनं विचारलं का मावशी, या संकटात तुमची सगळ्यात मोठी अडचन कोनती. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "बाई, आमची नवरी आज भरल्या सकायीच सासरी निंघाली." मॅडमनं माह्या खांद्यावर हात ठेवला. तिचेबी डोये भरले. मले समजावून सांगाले वेळच नाही भेटला, तिकडं हळदीचे गाने परत लागले होते अन् माह्या बाया परत जेवाले बसून राह्यल्या होत्या. अन् म्हणते हा सुधारलेला!

दुसऱ्या रोजी मी तडक इथं, शहजादच्या दुकानात. म्हटलं, बाबू, हे तुहं घे अन् माहं लाल मले दे. त्यानं काचेचा तुकडा उलटापालटा केला. "मौसी, ये तो चायनीज में चला गया. किसने दबाया?" म्हटलं, नाकानं. त्या बिचाऱ्यानं माह्या नाकाकडे पाह्यलं. म्हने, मौसी, घाटंजी में चायनीज पढनेवाला कौन है, यवतमाळमेंबी नहीं. म्हटलं, मरो ते, माहा जुना हाय न? म्हने, हाय न! अन् कपाटातून काढला. माहा जीव असा गार झाला… लाल तोच. पन काडी नाही, चकचकीत बटन. ट्यूबचं रबर नाही, नवं झाकन. मी म्हटलं, चालू कर. त्यानं केला, तं कोनतंच गानं ओळखीचं नाही. एकसुद्धा नाही! शहजाद हसत म्हने, "मौसी, आपका पुराना भी मैंने सुधार दिया. अंदर का सब नया."

काचेचा तुकडा तसाच परत घेतला अन् तिथंच पायरीवर बसली मी. रडू आलं, खोटं कायले सांगू. पोराले वाटलं मायेले सुख द्यावं, शहजादले वाटलं मौसीचं काम करावं, साऱ्यायनं सुधारवलं अन् माहं होतं तेवढंच मोडलं.

दुसऱ्या सकायी टोळी वावरात उभी. कोनी पात धरे ना. अर्ध्या बायांचे डोये धुऱ्यापलीकडे, रेडिओकडे. मी वाकली. हात चालू झाला अन् भेवानं म्हना का सवयीनं म्हना, तोंडातून बाबासाहेबाचं गानं निंघालं. बाया उभ्या राह्यल्या. ते संपलं तं पुढचं आपसूक आलं, मंग त्याच्या पुढचं. अवो, इतके साल ऐकलं, सारं पोटात ओळीनं भरून होतं! जुना डबा कव्वालीत एका ठिकानी अडके, खरखर करे, तं मीबी तिथं अडकली अन् खरखर केली. बाया हसून हसून पातीत बसल्या. नवरी सासरी निंघाली तं दिवस बरोबर मावळतीले, अन् पुंडलिकराव काटा टांगून तयार. एक बाई हालली नाही माह्या टोळीतून. उलट ममताच्याच दोघी इकडे आल्या.

काचेच्या तुकड्यात पाहून आता रुपाली टिकली लावते. संघदीप फोनवर विचारते, आई, वाजते न? मी म्हनतो, वाजते रे बाप्पा, दिवसभर वाजते.

आता दिवसभर मीच. गाने झाले का मधात बोलतो, बोलनं झालं का गाने. सेल नाही लागत, दोन कप चहात चालते. रुपाली म्हने, "मावशी, जुनं मॉडेल ते जुनंच, पन तुमच्यात एक खोट हाय. बंद कराचं बटन नाही." आता तुम्हीच सांगा, मी काय एवढी… अव्वा, ते आत्ता गेली ते मारेगावची होती? मंग मधात बोलले काहून नाही तुम्ही? जाऊ द्या, बसा आता. तुमची चूक नाही, मीच सुधारलेली नाही न.